उंबऱ्यावरची वायर

माझं आयुष्य वायरीत गेलं. अल्लीपूरच्या बाजारात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पंपाच्या जळक्या मोटरी येतात. त्यातली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची, नवी भरायची, वार्निश मारायचं, वाळवायचं आणि मोटर घुमली की गिऱ्हाईक खूष. तीस वर्षं हेच करतोय. त्यामुळे बिघडलेली वस्तू कुठंतरी तुटलेली असते नाहीतर कुठंतरी चिकटलेली असते, आणि शोधलं की सापडतं, असा माझा पक्का समज. घरात हे वायरलेस इंटरनेट आलं आणि माझं डोकं आऊट झालं. ज्याला वायरच नाही त्यातलं तुटलेलं शोधायचं कुठं, सांगा बरं!

नेट घेतलं ते आईसाठी. माझी बहीण माझ्याहून बारा वर्षांनी लहान, लग्न होऊन ऑस्ट्रेलियात गेलेली. अकरा वर्षं मूल नव्हतं. दवाखाने झाले, उपास झाले, केळझरच्या गणपतीला आईनं किती खेटे घातले ते त्या गणपतीलाच ठाऊक. आणि त्या दिवाळीत बातमी आली, दिवस राहिले. पण तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला विमानात बसायची साफ मनाई केली. इकडं आई शहात्तर वर्षांची, बीपी, हृदय कमजोर, चालायला वॉकर. म्हणजे लेकीनं यायचं नाही आणि मायनं जायचं नाही. आई एक दिवस डिंकाचे लाडू करायला म्हणून परात घेऊन बसली, डिंक तळून झाला, आणि मग सुनेला म्हणाली, "राहू दे वं, कोनाले नेऊन देशीन?" मी तिथंच जेवत होतो.

मोबाईलवर बोलायचं म्हटलं तर आईच्या डोळ्याचा मागचा पडदा खराब झालेला. समोर पाहिलं की मधोमध काळा डाग, कडेकडेचं तेवढं दिसे. मोबाईलच्या त्या बोटभर चित्राला ती लेकीबद्दल म्हणायची, "मले बाईचे कान दिसतात, तोंड नाई दिसत." हे ऐकून मी मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर आणला आणि आईच्या खोलीत टेबलावर मांडला. आई खुर्ची पुढं ओढून, मान तिरपी करून बसे, आणि त्या मोठ्या पडद्यावर तिला बहिणीचं तोंड दिसे. पहिल्या दिवशी दिसलं तेव्हा दोघी मायलेकी नुसत्या हसत बसल्या, बोलायचं सोडून. मीही येड्यासारखा हसलो.

वेळ ठरली रोज दुपारी तीनची. तिकडं संध्याकाळचे साडेसात, बहीण कामावरून आलेली असे. मी दुकानाचं शटर अर्धं पाडून घरी यायचो. चार मिनिटांचा तर रस्ता. कॉम्प्युटर सुरू करून द्यायचा, फोन आला की उचलून द्यायचा आणि मागं पलंगावर बसून ऐकायचं. आईला एकच ध्यास होता. लेकीचं तोंड रोज पाहायचं, आणि पुढं लेकरू झालं की त्याचंही तोंड पाहायचं. "तेवढं पाहू दे मले, मंग मी मोकळी," असं म्हणायची. मी ओरडायचो, "मोकळी बिकळी बोलाचं नाई."

मार्च बरा गेला. एप्रिल लागला आणि नेटनं अंग काढलं. दोन मिनिटं बोलणं झालं की चित्र थांबायचं. बहिणीचं तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले, तसंच पडद्यावर राहायचं. आईला थांबलंय हे कळायचं नाही. ती बोलतच राहायची. "जेवली का? पाय सुजले का? असं तोंड करून काऊन बसली बाई, काही दुखून राह्यलं का?" मी मागून म्हणायचो, "आई, ते अटकलं हाये, ती ऐकून नाई राह्यली." तरी ती बोलायची. नंतर फोन तुटायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा अटकायचा. अर्ध्या तासात धड पाच मिनिटं पदरात पडायची. मी टेबलावर हात आपटायचो, आणि आई माझीच समजूत काढायची.

मग मी त्याच्या मागं हात धुऊन लागलो. आधी घराची रचना सांगतो. पुढं टिनाची छपरी आहे, जाळी लावलेली. नेटची तार खांबावरून त्या छपरीत येते, तिथंच कोपऱ्यात नेटवाल्यांचा डबा, राउटर. छपरीच्या मागं आईची खोली. मधली भिंत दीड हात जाड, जुनी, विटामातीची. आईच्या खोलीतून छपरीत यायला एक दार, आणि संडास-न्हाणी छपरीच्या टोकाला. कॉम्प्युटरच छपरीत आणून ठेवावा म्हटलं तर एप्रिलात त्या टिनाखाली कुत्रंही बसत नाही.

मी राउटर खाली होता तो वर ठेवला, वर होता तो मधे ठेवला. त्याच्या अँटेनाच्या कांड्या आडव्या केल्या, उभ्या केल्या. कॉम्प्युटरला मागच्या बाजूनं वायरलेसची ती बोटाएवढी कांडी खोचलेली असते, ती लोखंडी डब्याच्या आडोशाला आहे म्हणून हातभर वायर जोडून टेबलावर आणली. थोडं सुधारलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. कुणीतरी सांगितलं चॅनल बदला, बदलला. कुणी म्हणालं ड्रायव्हर नवा टाका, टाकला. कॉम्प्युटर वीज वाचवायला म्हणून त्या कांडीला मधेच झोपवतो असं कळलं, सेटिंगमधली ती खूण काढली. खरं सांगतो, त्या दिवशी तर मी कॉम्प्युटरला तोंड भरून शिव्या दिल्या. माझी माय मरायला टेकली आणि हा वीज वाचवून राह्यला! आई मागून म्हणाली, "मी काही मरून नाई राह्यली, तू शिव्या नको देऊ."

नेटवाला बोलावला. चांगला पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या झालेला माणूस. त्यानं डबा पाहिला, भिंतीवर हात मारला आणि म्हणाला, "भाऊ, नेट ओके हाये. भिंत जाड हाये तुमची. भोक पाडा, वायर टाका, झंझट खतम." मला राग आला. मी म्हटलं, भिंत काय एप्रिलात जाड झाली का? मार्चात पातळ होती? तो हसला आणि गेला. मला त्याचं हसणं झोंबलं, पण माझा प्रश्न मात्र बरोबर होता. एप्रिलात बदललं काय?

उत्तर माझ्या बायकोनं काढलं. ती सहज म्हणाली, "आज बोलनं चांगलं झालं न? सकाळपासून नळाले पानी नव्हतं, कूलर सुकाच हाये." आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. आमचा कूलर छपरीत उभा, आईच्या खोलीच्या खिडकीला तोंड लावून. टिनाचा मोठा डबा, खाली पाण्याचं टाकं, तिन्ही बाजूला भिजलेल्या वाळ्याच्या ताट्या. राउटर त्याच्या त्या बाजूला आणि कॉम्प्युटर या बाजूला. नेट जे काही येत होतं ते खिडकीतून येत होतं, आणि एप्रिलात त्या खिडकीत मी पाण्याची भिंत उभी केली होती. एवढं मोटरीतलं कळतं म्हणणारा मी, आणि घरच्या कूलरनं मला तीन आठवडे येडा बनवला!

आता वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात कूलर बंद करायचा म्हणजे काय, हे इथं राहिलेल्या माणसाला सांगायला नको. तरी आई म्हणाली, "अर्धा घंटा बंद ठेवला तर काय होते? मी काय लोण्याची हाये?" ताट्या ओल्या राहून चालणार नव्हतं, म्हणून दोन वाजताच कूलर मागं ओढायचा. एक ओला टॉवेल डोक्यावर घेऊन ती बसली. चित्र आलं झकास. बहीण म्हणाली, "आई, डोक्यावर टॉवेल काऊन?" आई म्हणाली, "न्हाली मी आताच." दहाव्या मिनिटाला तिचं तोंड लाल झालं. वीस मिनिटांनी श्वास लागला. तरी उठायला तयार नाही. चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी फोन ठेवल्यावर तिला चक्कर आली आणि मी ठरवलं, बस झालं, भोक पाडायचं.

दुकानातून ड्रिल मशीन आणली. भिंतीवर पेन्सिलीनं फुली मारली. आई पलंगावरून म्हणाली, "काय करून राह्यला रे बापू?"

"भोक पाडतो. वायर टाकली की कूलरबी चालन आन् नेटबी चालन."

"नाई."

"काय नाई?"

"भोक नाई पाडाचं. घरची पोरगी पोटुशी हाये. अशा टायमाले भिंत नाई फोडत कोनी."

मी हसलो. म्हटलं, "अवं आई, पोरगी तथी समुद्रापार, भोक अल्लीपुरात. ते भोक काय ऑस्ट्रेलियापर्यंत जाईन का?"

"घर तर तिचं हेच हाये न."

माझी सटकली. असल्या गोष्टीवर माझी नेहमीच सटकते. मी म्हटलं, तू नेटवर बोलतेस, लेकीच्या पोटातल्या लेकराचा फोटो मशीनवर पाहतेस, आणि भोकाला भितेस? मी प्लग लावला. वाटलं, एकदा आवाज झाला की गप्प बसेल. तर आई वॉकर न घेता उठली. पलंग धरत, टेबल धरत आली आणि त्या पेन्सिलीच्या फुलीवर तिनं आपला तळहात ठेवला. माझ्याकडं पाहत नव्हती, पाहिलं असतं तरी मधे तो डागच दिसला असता.

"तुह्या आधी एक पोरगी झालती मले," ती म्हणाली. "आठवा महिना होता. तुह्या बापानं याच भिंतीत आलमारी काढाले घेतली. सब्बल घेऊन दोन दिवस ठोकत होता. मी म्हनलं नका ठोकू, तर म्हने येडी का तू. तिसऱ्या दिवशी पोट दुखाले लागलं. पोरगी रडलीच नाई. तिचं तोंडबी मले दाखवलं नाई कोनं. लुगड्यात गुंडाळली आन् घेऊन गेले."

एक्कावन्न वर्षांचा घोडा मी. मला आणखी एक बहीण होती हे त्या दिवशी कळलं. बाबा जाऊन पंधरा वर्षं झाली, त्यांनीही कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्या आलमारीत मी लहानपणी पाटी ठेवायचो, नंतर बिलबुकं ठेवली. मी प्लग काढला. आईला धरून पलंगावर बसवलं. भोकाचं मी पुन्हा नावही काढलं नाही.

पण वायरीचं माझ्या डोक्यातून जाईना. खिडकीतून कूलरच्या बाजूनं नेता आली असती. पण कूलरच्या ओल्या टिनाला वायर चिकटवायची नाही, हे माझ्या धंद्यात मी दुसऱ्यांना शिकवतो. उन्हाळा आला की कुठं ना कुठं कूलरचा करंट लागून माणूस गेल्याचं ऐकू येतंच. आईच्या खोलीत मला तो धोका नको होता. मग उरलं दार. छपरीतून दारापर्यंत भिंतीच्या कडेनं, मग उंबऱ्यावरून आडवी, आणि आत पुन्हा कडेनं टेबलापर्यंत. उंबऱ्यावर मी ती काळ्या टेपानं चिकटवली, वर पायपुसणं टाकलं. आईला हात धरून तीनदा ओलांडायला लावलं. "वॉकर उचलून टाकाचा, घासत नाई न्याचा," असं बजावलं. ती म्हणाली, "हाव रे हाव, लहान लेकरू हाये का मी?"

दुकानात कुणी गिऱ्हाईक मोटरची वायर रस्त्यावरून आडवी टाकून उभं राहिलं की मी आधी त्याच्यावर खेकसतो. पायात वायर टाकू नको, कोणी पडलं तर? हे वाक्य मी दिवसातून दोनदा बोलत असेन. आणि काळ्या टेपाचा डिंक उन्हात सुटतो, हेही मला माहीत आहे, मोटरीवर मी तो टेप मे महिन्यात वापरत नाही. सगळं माहीत होतं मला. तरी टाकली. आईनं भोकाला नाही म्हटलं याचा राग असेल मनात, नेटवाल्याचं हसणं असेल, मला जमत नाही असं काही नाही ही गुर्मी असेल. काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

वायर जोडली आणि काय सांगू, चित्र असं आलं की बहिणीच्या कपाळावरचे केस मोजावे. आठ दिवस मजेत गेले. कूलर फुल चालू, आई खुर्चीत ऐसपैस, तिकडं बहीण पोटावर हात ठेवून बसलेली. आई तिला ओवा कसा भाजायचा ते सांगे, मालिश कुणाकडून करून घेशील विचारे. बहीण म्हणे, "इथी मालिशवाली नाई भेटत, आई." आई म्हणे, "मंग जावयाले शिकव, इथी बसव त्याले, मी सांगतो." जावई खरंच येऊन बसले आणि एका बाहुलीवर आईनं त्यांच्याकडून मालिश करून घेतली. मागं बसून मी आणि बायको पोट धरून हसलो. त्या आठ दिवसांत मी दुकानात सगळ्यांना, फोनवर बहिणीलाही सांगत होतो, वायर टाकली मी, बिघाड शोधला मी, मी!

नवव्या दिवशी एक शेतकरी मोटर घेऊन बसला. झाली म्हटलं तरी त्याला पुन्हा फिरवून पाहायची होती, पुन्हा एकदा, आणखी एकदा. बायको शेजारी वाळवणाचे सरगुंडे वळायला गेली होती, तीनच्या आत मी येणार हे तिला माहीतच. कॉम्प्युटर मी जेवून निघतानाच सुरू करून ठेवला होता. आईला कमी ऐकू येतं म्हणून त्याचा आवाज पूर्ण वर केलेला, तोही मीच. शटर पाडून मी निघालो तेव्हा तीन वाजून गेले होते, आणि घराच्या फाटकाशी आलो तेव्हा आतून फोनची घंटी ऐकू येत होती.

आई उंबऱ्यावर पडली होती. अर्धी छपरीत, अर्धी खोलीत. न्हाणीकडून येत होती, घंटी ऐकली आणि घाई केली. पायपुसणं सरकलेलं, टेप सुटलेला, वायर वर उचललेली आणि वॉकरच्या पुढच्या पायात अडकलेली. मी तिच्याजवळ बसलो, उचलायला हात घातला तर तिनं माझं मनगट धरलं.

"पयले फोन उचल," म्हणाली. "घाबरन ती."

"अवं आई..."

"उचल म्हनतो न."

आणि मी उचलला. तिला तसंच जमिनीवर ठेवून, तिच्यावरून पाय टाकून आत गेलो, खुर्चीत बसलो आणि उचलला. मागचं दार दिसू नये म्हणून आधीच कॅमेरा भिंतीकडं वळवला होता. बहीण म्हणाली, "इतका वेळ काऊन लागला? आई कुठं हाये?" मी म्हटलं, "झोपली हाये. रात्री झोप नाई झाली तिची, उठवत नाई मी." ती म्हणाली, "नको नको, झोपू दे तिले." आमचं बोलणं मिनिटभर झालं असेल. तेवढा वेळ आईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. साधं कण्हणं आलं नाही मागून. फोन ठेवला आणि मग मी ओरडलो, बायकोला हाका मारल्या, सगळी गल्ली गोळा झाली.

वर्ध्याला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. हृदय ऑपरेशन झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले. पायाला वजन लावायचं, पडून राहायचं, घरी न्यायचं. गाडीतून परत येताना सेलूकाटे गावाच्या पुढं कुठंतरी आई मला म्हणाली, "बापू, तिले सांगजो न्हाणीत घसरली म्हून. वायरीचं नको सांगू."

मी तिच्या डोक्याखालची उशी नीट केली.

"घंटी ऐकून मी धावली असं कळलं तर जिंदगीभर मनाले लावून घेईन पोरगी. आता तर पोटुशी हाये."

मी हो म्हटलं. आणि इथं लपवायचं नाही म्हणून लिहितो, मला बरं वाटलं. बहिणीसाठी नाही, माझ्यासाठी. वायर कुणी टाकली हे आता कुणाला सांगावं लागणार नव्हतं. आई लेकीला वाचवत होती की मला, हे मी विचारलं नाही. तिनं दोघांनाही वाचवलं, आणि त्याची मला अजून शरम वाटते.

घरी आलो त्या संध्याकाळी मी ती वायर ओढून काढायला वाकलो. आई पलंगावरून म्हणाली, "राहू दे. आता मी काही चालून नाई राह्यली. बाई तर दिसन." मी म्हटलं, "मले पाहवत नाई ती." ती म्हणाली, "मले पाहाचं हाये न." मग वायर राहिली. येता-जाता रोज मी ती ओलांडत होतो.

एकोणीस दिवस आई पडून होती. पलंग टेबलाला भिडवला, पडदा तिच्याकडं वळवला. बहिणीला न्हाणीचं सांगितलं. ती रडली, म्हणाली, "न्हाणीत रबराची चटई टाक म्हनलं होतं न दादा मी तुले." मी म्हटलं, "हो वं, चुकलंच माह्यं." तेवढंच कबूल केलं मी, न केलेला गुन्हा. रोज तीन वाजता फोन यायचा आणि एकदाही अटकला नाही. बहीण छोटी झबली दाखवायची, आई मान तिरपी करून पाहायची. नंतर आईला बोलताना धाप लागायला लागली, मग नुसतं पाहायची. छातीत कफ झाला. डॉक्टरांनी औषधं बदलली, पण अंगात काही उरलं नव्हतं. शेवटच्या दोन दिवसांत बहीण बोलायची आणि आई फक्त बोट हलवायची.

ती गेली ती सकाळी, चहाच्या वेळी. लेकराला अजून दोन आठवडे होते. तेवढं पाहू दे मले, म्हणाली होती. नाही पाहू दिलं. देवानं नाही दिलं असं सगळे म्हणतात. मी मान हलवतो.

बहिणीला जावयांनी सांगितलं. तिला आईला पाहायचं होतं. मी पडदा वळवून दिला. अंगणात नेण्याआधी अर्धा तास ती तिकडून आईकडं पाहत होती, आणि चित्र अगदी स्वच्छ होतं. बायका रडत होत्या, कुणीतरी दाराशी म्हणालं, "अरे वायर हाये तथी, सांभाळून." चौघांनी आईला उचललं आणि उंबऱ्याशी पाय उंच करून ती वायर ओलांडली. मी खांदा दिला होता. मला वाटलं मी इथंच मरावं.

तेरवी झाली आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी बहिणीला मुलगी झाली. तीन किलोची, रडली खणखणीत, जावयांनी रडणंच आधी ऐकवलं. मी ते ऐकलं, दुकानात गेलो आणि ड्रिल मशीन घेऊन आलो. फुली होती तिथंच टोक ठेवलं. मातीची भिंत ती, दहा मिनिटांत आरपार झाली. वायर ओवली, खिळपट्ट्या मारल्या, उंबरा मोकळा झाला. बायको झाडू घेऊन आली, माती भरली, आणि तिथंच खाली बसून रडली.

महिनाभरानं बहिणीनं लेकरू मांडीवर घेऊन फोन लावला. मुलीचं तोंड पडद्यावर भरून आलं. हनुवटी आईची आहे, अगदी तीच. मी आईच्या खुर्चीत बसलो होतो. बहीण बराच वेळ लेकराबद्दल बोलली, मग म्हणाली, "दादा, एक सांगू? तू ती वायर टाकली म्हून मले आई दिसली. नाईतर मले शेवटपर्यंत अटकून अटकूनच दिसली असती. तुह्ये उपकार नाई विसरत मी."

सांगून टाकावं असं वाटलं. तोंड उघडलंही. पण सांगायचं म्हणजे तिच्या घंटीचंही सांगावं लागणार, आणि मांडीवर लेकरू होतं. मी तोंड मिटलं, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेचना.

"दादा, रडून राह्यला का तू?"

"नाई वं," मी म्हटलं. "नेट खराब हाये आज. चित्र हलून राह्यलं असन."

"नाई दादा," ती म्हणाली. "एकदम साफ दिसून राह्यला तू."